पश्चिमेच्या भिंतीवरचा दगड

अण्णा, हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला मी दगड लावून घेतला. बांधकामाचा दगड नव्हे, हल्ली दगडाच्या चकत्या मिळतात, त्या भिंतीवर चिकटवतात. तुम्ही मारलेल्या पिस्ता ऑइलपेंटचे पापुद्रे सुटायला लागले होते, आणि इंदिरानगरात आता ज्याच्या त्याच्या हॉलमध्ये अशी एक भिंत असतेच. मलाही हौस आली. तुम्ही असता तर "भिंतीला दागिने कशाला?" एवढंच म्हणून चहा मागितला असता. दिसते मात्र झकास. फक्त ती आता वाजायला लागली आहे, आणि आईचा पलंग तिलाच लागून आहे.

तुमची रविवारची फेरी आठवते. आठवडाभर सरकारी इमारतींचं प्लास्टर तपासून तुमचं मन भरायचं नाही, मग सुट्टीच्या दिवशी घराच्या भिंती. लुंगी, हातात कपाटाची किल्ली, आणि टक टक करत, कान लावत तुम्ही खोल्याखोल्यांतून फिरताय. आई स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, पोहे गार होतायत! घर काही पळून जात नाही." एकदा मी तुमची नक्कल करत चमच्याने भिंत बडवत मागे फिरत होते. तुम्ही चमचा हिसकावून घेतलात. "खेळ नाही हा. भरीव वाजलं तर ठीक. पोकळ वाजेल त्या भिंतीखाली कुणी झोपायचं नाही. कळलं?" मला काही कळलं नव्हतं, मी नुसती रडले. संध्याकाळी तुम्ही चिवड्याचा पुडा आणलात, पण बोललेलं मागे घेतलं नाहीत.

दगड लावणारा माणूस पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "ताई, हा गुळगुळीत रंग खरवडावा लागंल. छिन्नीनं भिंत टोचून घेऊ, मग दगड धरतो." आईने तोंडाला पदर लावला. तिचा दमा, ती धूळ. शिवाय तिचं म्हणणं, "ह्यांनी स्वतःच्या हाताने मारलेला रंग आहे. छिन्नी लावायची नाही." मी दोघांच्या मधे उभी. शेवटी मीच म्हटलं, रंगावरच चिकटवा. त्याने मान खाजवली, मग हसला. "केमिकल लय जबरी हाय, ताई. भिंत पडंल, पण दगड नाय पडायचा." आम्ही तिघंही हसलो.

ऊन वाढलं तसं ते सुरू झालं. दुपारी पश्चिमेचं ऊन भिंतीवर आलं की आतून आवाज येतो: टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई पलंगावर पडली होती. ती उठून बसली, पदर सारखा केला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आले हे. किल्ली घेऊन फिरतायत." मला वाटलं चेष्टा करते आहे. चेष्टा नव्हती. तुम्ही गेल्यापासून अर्ध्या पोळीवर उठणारी बाई आता दोन वेळा नीट जेवते, दुपारी वेणी घालून भिंतीकडे तोंड करून बसते. मी काय सांगू तिला? की हे अण्णा नाहीत, दगड सुटतो आहे?

तुमचीच किल्ली घेऊन मी भिंत वाजवून पाहिली. खाली भरीव, पलंगाच्या वर पोकळ. परवा पोकळ वाजणारा भाग खिडकीपर्यंत पोचला होता. एक चकती नखभर पुढे आली आहे. दुसरे कारागीर हात लावायला तयार नाहीत, ज्याने लावलं त्यालाच बोलवा म्हणतात. तो निफाडला एका फार्महाऊसच्या कामात अडकलाय. फोनवर म्हणाला, "तेवढं आटपलं का येतो, समदं उतरवून देतो. तवर तिथं कुणाला बसू देऊ नका." मी पलंग ओढायला गेले. आईने पलंगाची दांडी धरली. "मला उचलून न्यायचं तर ने. मी आपणहून हलणार नाही." तिच्या डोळ्यांत तेव्हा जे होतं, त्यापुढे माझं बळ चाललं नाही, अण्णा. मला तिची भीती वाटली, आणि तिच्यासाठीही वाटली.

म्हणून आता दुपारी मी तिच्या शेजारी झोपते, भिंतीच्या बाजूला, ती बाहेरच्या बाजूला. तिला सांगितलंय की मला भिंतीकडे गार लागतं. भिंत तर तव्यासारखी तापलेली असते. हा कागद लिहून झाला की फाडणार आहे, तिच्या हाती लागला तर ते टक कशाचं, हे तिला कळेल.

तिच्यासाठी झोपते हे खरंच आहे, पण तेवढंच नाही. काल टक झालं, लगेच दुसरं, अगदी माझ्या डोक्यावर, आणि दगडाची भुकटी कपाळावर पडली. आईला उठवून बाहेर न्यायला हवं होतं. मी श्वास धरून तुमच्या तिसऱ्या टकची वाट पाहत पडून राहिले.