एका सेल्फला सुरू होणारी गाडी

२ डिसेंबर
पोचलो एकदाचा. घाट चढेपर्यंत पायांची पार लाकडं झाली होती, पण उतरल्या उतरल्या गरम जेवण पुढ्यात आलं आणि सगळा शीण गेला. दवाखान्याच्या मागेच खोली आहे. लोखंडी पलंग, दोन जाड रजया, कोळशाची शेगडी, आणि खिडकीतून समोर दिसणारी माझी रुग्णवाहिका. गाडी जुनी आहे, पण कुणीतरी जिवापाड जपलेली. डॉक्टरीणबाई मोजकं बोलतात. सिस्टर मात्र अघळपघळ. म्हणाल्या, एवढा धडधाकट ड्रायव्हर बऱ्याच काळाने मिळाला. मी उगाच छाती फुगवून घेतली. आमच्याकडे इंजिन तापू नये म्हणून धडपडायचं, इथे तापावं म्हणून. मजाच आहे.

४ डिसेंबर
समोरच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीने आज माझी शाळा घेतली. थंडीत ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, इंजिनाला फिरणंच जड जातं. त्यात बॅटरीचा दम निम्म्यावर येतो. डिझेल तर मेणासारखं गोठून नळीतच अडकतं. म्हणून तो बॅटरी काढून घरात ठेवतो आणि सकाळी इंजिनाच्या ऑइल-चेंबरखाली निखाऱ्यांची पाटी सरकवतो. रस्त्याचंही सांगितलं. काळा, चकाकणारा रस्ता ओला समजायचा नाही, तो गोठलेला असतो. तिथे ब्रेक दाबला की गाडी आपली राहत नाही. उतारावर खालच्या गिअरमध्ये सोडायची आणि पाय आवरायचा.
सकाळी गल्लीभर नुसती खरखर चालली होती. बससुद्धा जागची हलली नाही. माझी गाडी एका सेल्फला सुरू झाली, निखारे नाहीत, काही नाही. मिस्त्रीला म्हटलं, हाताचा गुण आहे. तो हसला नाही. माझ्या हाताकडे बघत राहिला.

८ डिसेंबर
मांडीचं हाड मोडलेल्या एका आजोबांना घाट उतरून मोठ्या इस्पितळात पोचवलं. वाटेत बंद पडलेल्या गाड्या पांढऱ्या होऊन उभ्या होत्या. आमची मात्र सुतासारखी गेली. आत इतकी ऊब, की आजोबांच्या लेकीने कोट काढून मांडीवर घेतला. मी कुडकुडत होतो. ती म्हणाली, दादा, तुम्हाला ताप आलाय का. परत आल्यावर बघितलं तर बोटांची टोकं पांढरी पडलेली. शेगडीवर धरली. धग लागलीच नाही.

११ डिसेंबर
सिस्टरने थर्मामीटर लावला. बघितला, झटकला, पुन्हा लावला. किती ते सांगितलं नाही. नुसतंच म्हणाल्या, भरपूर खा.
चहाचा पेला हातात घेतला की दोन घोटांत गार होतो.
आज गाडी सुरू करायच्या आधीच बॉनेटला हात लावून बघितला. रात्रभर उघड्यावर उभी होती. बॉनेट उबदार. झोपलेल्या जनावराच्या पोटासारखं.

१४ डिसेंबर
मिस्त्रीला गाठलं. आधीचे ड्रायव्हर कुठे गेले विचारलं. तो हातातला पाना पुसत बसला. मग म्हणाला, कुणी सोडून गेलं नाही.
“थंडीत इंजिनाला ऊब कुठून तरी द्यावीच लागते. मी निखाऱ्यांची देतो. तुझी गाडी तिची ती घेते. सेल्फ मारणाऱ्याकडून.”
मी त्याला वेड्यात काढलं. खोलीवर आलो. दोन्ही रजया घेतल्या. रजयाच गार पडल्या.

१६ डिसेंबर
चावी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, मी चाललो. त्यांनी काही ठाऊक नसल्याचा आव आणला नाही. मागच्या हिवाळ्यात ड्रायव्हर नव्हता, तेव्हा किती बाळंतिणी वाटेतच गेल्या ते सांगितलं. आवाज चढवला नाही. मग म्हणाल्या, “तुम्ही खुशाल जा. मी तुमच्या धाकट्या भावाला बोलावून घेतलंय. उद्या तो घाटाखालच्या स्टँडवर उतरेल.”
त्याच्याबद्दल मीच सिस्टरला कौतुकाने सांगत बसलो होतो. तोही ड्रायव्हर.
मोबाइल लावायला गेलो. हातात धरला की बॅटरी मरते. सिस्टरना म्हटलं, तुम्ही लावून द्या. त्या मान खाली घालून निघून गेल्या.
बस बंद. चालत घाट उतरायला निघालो. पहिल्या वळणावरच पाय गेले. मिस्त्रीने उचलून आणलं.

१७ डिसेंबर, सकाळ
मिस्त्रीची सून अडली आहे. तो दारात येऊन उभा राहिला. काही मागितलं नाही, नुसता उभा. त्याला ठाऊक आहे तो काय मागतोय.
चावी घेतली. ती वाचेल. आणि खाली धाकटा आहे, त्याला परतीच्या गाडीत बसवून देता येईल. वही खिशात घेतो. आवाज बसलाय, लिहून तरी दाखवेन—

दुपार
पोचलो. घाटात ब्रेक एकदाही नाही. ती आत आहे. मुलगी झाली. रडली, बाहेरपर्यंत ऐकू आलं.
इस्पितळाच्या फाटकात सगळ्यांच्या तोंडातून वाफ येतेय. माझ्या नाही.

धाकटा आला. समोरच्या स्टँडवरून, धावत. मिठी मारली आणि दचकून मागे सरला. दादा, काय झालं तुला— डॉक्टरांकडे ओढत होता. मी मान हलवली, वही पुढे केली, त्याने बघितलीच नाही. स्टँडकडे बोट केलं. त्याला वाटलं मला घरी—
सेल्फ मारून बघितला. गाडी मेली आहे. माझ्यात काही उरलं नसेल.

त्याने मला उचलून बाजूच्या सीटवर बसवलं. स्वतःचा कोट माझ्या अंगावर घातला. म्हणतो, “तू गप बस दादा. मी चालवतो.”

स्टिअरिंगवर बसलाय. आरसा सारखा करतोय. मनगट धरायला गेलो— बोटं मिटत नाहीत. पेन्सिल मुठीत—
धाकट्या उतर
चावी सोड. हे वाच. आधी हे वाच, माझ्याकडे बघ, आरशात नको, इकडे, मी तुझ्या