अजून शंभर बाकी

जळगाव, ३ फेब्रुवारी २०२५

ति. आबांस,
सविनय जय भीम, वि. वि.

कापसाच्या जिनिंग गिरणीच्या आवाजानं तुमचे कान गेले, फोनवर माझं अर्धं बोलणं वाया जातं, म्हणून लिहिते. एमआयडीसीतल्या कारखान्यात मला आता मोठं सीएनसी मशीन दिलंय, संगणकाच्या आकड्यांवर चालून लोखंडाला भोकं पाडणारं. हत्यार कुठवर आलं, अजून किती जायचंय, ते आकडे स्क्रीनवर पळत असतात. नवा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावला की मी मधेच मशीन थांबवते, उरलेलं अंतर वाचते आणि हत्याराखालची खरी जागा डोळ्यांनी बघते. दोन्ही जुळलं तरच पुढे.

पण थांबले की सुपरवायझर अंगावर येतात. काल सगळ्यांसमोर म्हणाले, पुन्हा थांबवलंस तर पॅकिंगला पाठवीन. जोडीचे अभिमनदादा जुने कारागीर, तेही हसले. आबा, सकाळी फाटकाशी आले की परत फिरावंसं वाटतं. आईला सांगू नका.

माया असू द्या.
तुमची समीक्षा

धुळे, ७ फेब्रुवारी

चि. समीक्षास जय भीम व आशीर्वाद.

पत्र आईनं माझ्या हातातून ओढून घेतलं, तेव्हा लपवणं राहिलंच. ती म्हणते, पोर एकली शे तठे, तिथं तिचं कोण, बोलावून घ्या. पिंपळनेरच्या मामानं तुझ्यासाठी शाळेत कारकुनाची जागा बघितलीय. मला तुझ्या मशीनमधलं काही कळत नाही. पण कुणी डोक्यावर उभं राहून ओरडलं की माणूस चुकतो, आणि मशीनवर चूक नको. मामाला काय सांगू ते कळव.

रागावलीस तरी पत्र टाक.
आबा

जळगाव, १२ फेब्रुवारी

ति. आबा,
सविनय जय भीम.

काल घडलं ते अजून अंगातून गेलेलं नाही. आधीच्या पाळीत कुणीतरी लांब ड्रिल बसवलं, पण त्याची लांबी मशीनच्या आकड्यांत भरलीच नाही, म्हणून मशीन त्याला आखूडच समजत होतं. दार उघडलं की मशीन थांबवणारं कुलूपही आमच्याकडे कधीचं निकामी. ड्रिल खाली येत होतं. नेहमीसारखं ते वरच थांबेल म्हणून अभिमनदादा दार उघडून पाण्याची नळी सरळ करायला आत वाकले, पाठ माझ्याकडे. स्क्रीनवर अजून शंभर मिलिमीटर बाकी, आणि त्यांच्या मनगटावर चार बोटंही जागा नाही! मी थांबवायचं बटण दाबलं.

सुपरवायझर धावत आले, कोणी थांबवलं म्हणून. दादा खाली बसले होते, पांढरेफटक. म्हणाले, तिनं थांबवलं म्हणून हा हात आहे. मग सुपरवायझरांनाच सुनावलं, कुलूप दुरुस्त होईपर्यंत या मशीनवर कुणी उभं राहणार नाही. सुपरवायझर दुरुस्तीवाल्याला बोलवायला गेले. आज कुलूप बसलं.

मामांना काय कळवायचं ते तुम्हीच ठरवा. डोळे मिटले की मला ते मनगट दिसतं.

लेकीवर लोभ ठेवा.
समीक्षा

धुळे, १६ फेब्रुवारी

चि. समीक्षास जय भीम.

पत्र मी मोठ्यानं वाचलं. आईनं हातातलं काम ठेवून ऐकलं. मग विचारलं, त्या अभिमनला लेकरं किती? मला ठाऊक नव्हतं. मी काही ठरवायच्या आत तिनंच मामाला फोन लावला. मला ऐकू जावं म्हणून की काय, चांगली ओरडून म्हणाली, ती जागा दुसराले दे, आमनी पोर कामवर शे.

जेवत जा, आणि माया असू दे.
तुझा आबा