नारिंगी टोकाची बंदूक

ता. २७ जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याबद्दल लिहिलंस, पण डॉक्टर काय म्हणाला ते गाळलंस. म्हणजे त्याने जिने चढू नका सांगितलंय आणि तू चढतेस. मी पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस, पण गाळलेलं मला माणसांतही ऐकू येतं.

बातमी आपल्या ठिणगीची आहे. ती दर रविवारी बसने येते, आईशी तासभर बोलते, माझ्याशी हो-नाही करते आणि आपल्या खोलीवर परत जाते, हे तुला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी तिने दुकान चालवायला नकार दिला, तेव्हा मी रागाच्या भरात म्हणालो होतो की मग या दुकानात पाऊल टाकू नकोस. वाक्य माझं आणि मुलगीही माझीच. तिने ते अक्षरशः पाळलं. घर आणि दुकान यांत एवढासा उंबरा, पण माझा चहा ती अंगणातून वळसा घालून खिडकीतून देते.

तीन रविवारांपूर्वी त्याच खिडकीत तिने एक खोकं ठेवलं. आत मोडक्या खेळण्यातल्या बंदुकीची मोटर, तीन गिअर आणि एक स्प्रिंग. सुटीच्या दिवशी तिची मित्रमंडळी एका पडक्या वीटकारखान्यात लढाई खेळतात. बंदुकीतून प्लास्टिकचे मणी उडतात. ज्याला मणी लागतो तो हात वर करतो आणि बाजूला बसून डबा खातो. अशी लढाई मला पसंत पडली. त्यांना हवी मशीनगन, दिसायला दांडगी आणि लागायला मण्याएवढी. एक मार्चला ती दूरच्या गावी नोकरीला जातेय, कानाची यंत्रं म्हाताऱ्यांच्या कानांना जुळवून द्यायची नोकरी. त्याआधी तिला एकदा खेळायचंय.

मी आत ये म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते असं की करवत बोथट तर नाही ना. मग मीच लोखंड पकडायचा व्हाइस खोलून अंगणातल्या टेबलावर बसवला. तुझी भावजय म्हणाली की बावीस वर्षांत तो व्हाइस हलला नव्हता, आणि त्याचा मालकही.

पाण्याच्या पाइपची नळी झाली, प्लायवूडचा दस्ता, पत्र्याची जाळी, मण्यांसाठी बिस्किटांचा डबा. नळीचं टोक तिने नारिंगी रंगवलं, लांबून पाहणाऱ्याला खरी वाटू नये म्हणून. दुपार तिरपी झाली की प्लायवूडचा भुसा उन्हात तरंगत राहतो. आम्ही दोघं त्यात बसतो, ती कानस चालवते, मी दस्ता धरतो, आणि वेळ कुठे गेला ते कळत नाही. ती दहा वर्षांची आहे की तीस, असं विचारलं तर मला चटकन सांगता येणार नाही.

एकच अडचण आहे. गिअर सारखा कुईं करतो. तिसरा रविवार गेला, दोष काही सापडत नाही.

लोभ आहेच, तो गंजू देऊ नये.

तुझा,
भाऊ

ता. ३ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

गुडघा ठीक आहे. जिने चढते, कारण खालच्या मजल्यावर मला कुणी बोलायला नाही.

तू लहानपणी शेजाऱ्यांचा पंप भिंतीपलीकडून ऐकायचास आणि सांगायचास की बेअरिंग गेलंय. लोकांच्या दुकानात लोखंडाचा कीस झाडता झाडता तू कानांवर धंदा उभा केलास. आणि आता मुठीएवढ्या डब्यातला कुईं तुला तीन रविवार सापडत नाही. भाऊ, मी तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे, मला शेंड्या लावू नकोस. तू काहीतरी काढून ठेवलं आहेस.

मला राग नाही. बंदूक झाली की मुलगी चालली, हे तुझं गणित मला इथे बसून दिसतं. पण न संपवण्यासाठी केलेलं काम हातातच कुजतं. ते काढलेलं परत बसव. आणि दुसरी एक गोष्ट तू दोन वर्षांपूर्वी बसवलीस ती काढ. कुठली, ते सांगायला मला शाई खर्च करायची नाही.

तुझ्या बायकोला म्हणावं, तिचं व्हाइसचं वाक्य मी शेजारणीला वाचून दाखवलं.

लोभ करतोस तसाच कर, फक्त जरा ऐकू येईल असा.

तुझी,
अक्का

ता. १७ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पकडलंस. पितळी वॉशर होती, नखाएवढी, कागदासारखी पातळ. पहिल्याच दिवशी काढून चष्म्याच्या घरात ठेवली होती. तुझं पत्र वाचलं आणि गुपचूप जागेवर बसवली.

गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी ठिणगी आली. तिने बंदूक जुन्या गादीकडे वळवून घोडा दाबला. अक्का, गिअर असा फिरला की झोपलेल्या मांजराची घुरघुर. मणी गादीवर टपटप पडले. मला वाटलं, ती खूश होईल. ती नळीवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली की बाबा, पाणी आणता का. मी पाणी घेऊन आलो तेव्हा गिअरचा डबा उघडा होता. म्हणाली, तेल सोडत होते.

आणि परवाच्या रविवारी पुन्हा कुईं. तोच सूर, तीच जागा. मी स्वतःच्या हाताने वॉशर बसवली होती. दोन दिवस मी पंख्याखाली बसून पंखा ऐकतोय, घड्याळ ऐकतोय. माझे कान गेले का गं? तुझ्या भावजयीला विचारलं तर ती म्हणते की तिच्या हाकांपुरते ते तीस वर्षांपूर्वीच गेलेत.

तुझी दुसरी गोष्ट अजून काढता आलेली नाही. तिचा बोल्ट गंजलाय. दर रविवारी पान्हा लावतो आणि हवापाण्याबद्दल बोलतो.

कान असेपर्यंत तुझा आवाज येत राहावा.

तुझा,
भाऊ

ता. २४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून खरं लिहिते. वॉशर माझ्या पर्समध्ये आहे, बसच्या जुन्या तिकिटात गुंडाळलेली.

पहिल्याच रविवारी मी कुईं ऐकला आणि कळलं की एक वॉशर कमी आहे. बाबांनाही कळलेलं असणार. ते मान तिरकी करून म्हणाले की काही लक्षात येत नाही, तेव्हा मी चष्म्याच्या घराकडे पाहिलं. ते घर हलवलं की आत किणकिण वाजत होतं. मी पुन्हा कानस उचलली. मग एक दिवस गिअर शांत फिरला आणि आत्या, मला एकदम अंगण संपल्यासारखं वाटलं. म्हणून त्यांना पाण्याला पाठवलं.

रोज सकाळी जाग येताना मला भुशाचा वास येतो आणि वाटतं की मी त्या टेबलाखाली झोपलेय, वर कुणीतरी हळू कानस चालवतंय. मग डोळे उघडले की भाड्याची खोली.

त्यांच्या कानांना काही झालेलं नाही, कान पारखणं माझंच काम आहे, मला कळतं. पण त्यांना सांगू नकोस. मला दुकानात जायचंय आत्या. त्यांनी नको म्हटलंय, तर ये म्हणायलाही त्यांनीच हवं. हा हट्ट कुणाकडून आला ते तुला माहीत आहे.

गुडघा सांभाळ, आणि माझ्यावरची माया जिन्यावर विसरू नकोस.

तुझी,
ठिणगी

ता. २७ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अ. आ.

हे पत्र मण्यांच्या डब्यात ठेवतोय. उद्या बंदूक घेऊन जाशील आणि वीटकारखान्यात डबा उघडशील तेव्हा मणी ओतण्याआधी वाच.

काल मी बंदूक खोलली. गिअरच्या डब्याचे चार स्क्रू होते आणि चारींच्या खाचा उभ्या, एका रेषेत. मी स्क्रू आवळतो तेव्हा खाच जिथे थांबेल तिथे थांबते. खाचा उभ्या ठेवायचं वेड या घरात एकीलाच आहे, मी तिला ते शिकवलं होतं आणि स्वतः विसरलो. आत वॉशर नव्हती. मी अंगणात एकटाच बराच वेळ हसलो. तुझी आई दोनदा येऊन पाहून गेली.

म्हणजे माझे कान शाबूत आहेत. तुझेही. मग इतके रविवार आपण दोघं काय ऐकत होतो?

वॉशर तुझ्याकडेच ठेव. उद्याची लढाई कुईं करतच खेळ, शत्रूला तेवढीच दिशा कळेल आणि तुला लवकर डबा खायला मिळेल. परवा नोकरीला नीघ. म्हातारे लोक वाट पाहत असतील, त्यांना चांगले कान दे. बंदूक इथे ठेवून जा. सुटीला आलीस की वॉशर बसवू.

मात्र एक अडचण झाली आहे. अंगणात ऊन वाढलं म्हणून आज मी व्हाइस उचलून पुन्हा दुकानात, जुन्या जागी बसवला. चारी बोल्ट पक्के आवळलेत, आता तो काही बाहेर येत नाही. ते दोन वर्षांपूर्वीचं वाक्य मी काढून टाकलंय. तेव्हा काम करायचं असेल तर तुला आत यावं लागेल.

वाट पाहणारा,
बाबा