कॅसेटची दुसरी बाजू

१ फेब्रुवारी, रविवार
सकाळी भाऊरावदादा काठी टेकत घरी आले. आमच्या गायन पार्टीचे प्रमुख. किती वर्षांनी उंबरा चढले! म्हणे, "सुशीले, आपल्या कॅसेटले या पंधरवड्यात चाळीस वर्सं होतात. विहारात कार्यक्रम ठेवला हाय. माह्याच्यानं आता गाणं होत नाही, खोकला येते. तू गाशीन का?"
चहा केला. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
तेव्हा मी बावीसची. पाच जण एस.टी.नं नागपूरला गेलतो, एका दिवसात रेकॉर्डिंग. दुसरी बाजू अख्खी माझी. कव्हरवर छापलं 'भाऊराव आणि पार्टी'. मग नर्सची नोकरी, पांढरकवड्याकडची खेडी, गाणं सुटलं.

४ फेब्रु.
भाजी फोडणीला टाकून आवाज लावून पाहिला. वर गेला आणि फाटला. अंगणातून हे म्हणतात, "कुकरची शिट्टी झाली का वं?" हसू आवरेना. गॅस बंद करून परत म्हटलं. थोडं बरं.
दिग्रसहून नणंदेचा, कमलचा फोन. तीही पार्टीत होती, माझ्यामागं कोरस. म्हणाली, "वहिनी, आवाज तुहा अन् नाव त्याहिचं. एकडाव विचार तं खरं त्याहिले."

८ फेब्रु., रविवार
दादांकडे सराव. पेटीवर काळी पाचची पट्टी सोडून काळी दोनवर उतरले, तेव्हा कुठं गळा बसला. तीन गाणी झाली. मग विचारलंच, "दादा, कव्हरवर माझं नाव काहून नव्हतं?"
पेटीचा भाता थांबला. मग, "कंपनीवाल्यानं नाव विचारलं, मी माहं सांगतलं. तुहं सांगायचं होतं. पण गावोगाव लोक तुहंच गाणं मांगत होते. मले पाहवलं नाही."
एवढंच. मी इतकी वर्षं समजत होते की माझा आवाजच नाव छापण्याजोगा नव्हता.
घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

११ फेब्रु.
आज राग आला. तीन दिवसांनी! धुणं आपटताना आला. चाळीस वर्षं हा माणूस गप्प कसा बसला? कमलला फोन करून सांगितलं, मी येत नाही.
ती म्हणे, "मंग मी काय एकटी कोरस करू? कोणाच्या मांगं?"
दोघी फोनवर खो खो हसलो. नंतर थोडं रडले, ते तिला कळू दिलं नाही.
जायचं. दादांसाठी नाही.

१५ फेब्रु., रविवार
झाला कार्यक्रम. विहारासमोरचा मांडव भरलेला. बॅनरवर दादांचा मोठा फोटो, माझं नाव नाहीच. पाहून तिथंच थांबले. कमलनं कोपर धरलं.
दादा माइकवर. खोकत, थांबत म्हणाले, "चाळीस वर्सं तुम्ही माह्या नावानं जे गाणे ऐकले, त्यातली दुसरी बाजू या सुशीलेची. नाव मीच दाबलं. आज सर्व्यायपुढं सांगतो." मला वर बघवेना.
मग गायले. आईचं गाणं, कापूस वेचता वेचता अक्षरं शिकणाऱ्या आईचं. दुसऱ्या अंतऱ्यात ओळ विसरले. तर पुढं बसलेल्या बायांनीच ती ओळ उचलली. एकीनं नाही, पन्नास-साठ जणींनी! मी नुसती उभी. पुढची ओळ त्यांच्याबरोबर म्हटली.
खाली उतरले तर एका म्हातारीनं दोन्ही हात धरले. "हे तुहं होय का वं माय? माह्या दोन पोरी या गाण्यावर झोपल्या. मले वाटे, रेडिओतली कोणी मोठी बाई हाय."
दादांच्या पाया पडले नाही. त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला, प्यायले.

१७ फेब्रु.
त्या म्हातारीच्या गावातून फोन. पुढल्या महिन्यात बायांचा मेळावा, गायला या म्हणतात. "जुने गाणे तं आम्हाले पाठ हाय. नवं हाय का काही?"
"पाहते," म्हटलं. माझ्याजवळ कुठलं नवं?
दुपारी हे झोपले, मी वही घेऊन बसले. दोन ओळी झाल्या. वाईट नाहीत. तिसरी अजून जुळत नाही.