सदतीस अंशांचा बंदोबस्त

२ मार्च
चाकणच्या कंपनीच्या कँटीनमध्ये फूड सेफ्टी ट्रेनी म्हणून रुजू. कँटीनच्या तपासणीचा लॅब रिपोर्ट चांगला आला तर मला कायम करणार. दुर्गाआत्याने मला अक्षरं घरीच शिकवली, पण त्याआधी हात धुवायला शिकवलं. आज चौदा वेळा धुतले.

४ मार्च
वाचलं. काही जंतू थंडीत गुपचूप पडून असतात. सदतीस अंशांची ऊब मिळाली की त्यांना कळतं, आपण माणसाच्या अंगात आलो. मग खरे जहाल होतात. जेवण गेलं नाही.
ठराव : कँटीनमध्ये काहीही सदतीस अंशांवर राहू द्यायचं नाही.

५ मार्च, दु. १२
थर्मामीटर मिळाला. टोकाला वीतभर स्टीलची काडी. कच्चं चिकन ४. वरण ७८. कोशिंबीर ५. मुख्य आचारी विमलबाईंनी विचारलं, ताई, काडी पुसली का? म्हटलं, पुसली ना मावशी, ॲप्रनला.

९ मार्च
थर्मामीटर पाच मिनिटं सापडेना. यापुढे ॲप्रनच्या आतल्या खिशात, पोटाशी. सदैव सज्ज.
विमलबाई भांडी घासणाऱ्या भिवाकाकांना म्हणाल्या, पोरगी लई गुणाची हाय, पन काडी पुसत न्हाई. पहिला अर्धा भाग खरा आहे.

१२ मार्च
विमलबाई आता मापायला प्रत्येक पदार्थ वेगळ्या वाटीत काढून देतात. मला पातेल्यापर्यंत येण्याचीही तसदी देत नाहीत. शेवटी मान मिळालाच.

१६ मार्च
लॅबवाले आले. कापसाचे बोळे फिरवून पातेली, सुऱ्या, हात, सगळ्यांचे नमुने घेतले. मी अजिबात घाबरले नाही. बाथरूमला फक्त तीनदा गेले. थर्मामीटर मी स्वतःहून पुढे केला. शिस्त काय असते ते बघू देत.

२० मार्च
रिपोर्ट आला. पातेली पास. सुऱ्या पास. विमलबाईंचे हात पास. माझेही.
नापास एकच. काडी.
मॅनेजर मारुतराव म्हणाले, ट्रेनिंग अजून तीन महिने. मी विमलबाईंना वाट्यांबद्दल विचारलं. म्हणाल्या, ताई, तुमी मापलेलं मी टाकून देत व्हते. हजार माणसं जेवत्यात हितं.

सायं. ७
काडी साबणाने धुतली, उकळत्या पाण्यात धरली, गार केली, पुसली. मग सहज खिशात ठेवून पाहिली, नेहमीच्या जागी, पोटाशी. दहा मिनिटांनी आकडा स्थिरावला.
छत्तीस पॉइंट आठ.
म्हणजे सदतीस नाही.