पिवळटोप्याची साथ

२ तारीख, सोमवार. दुपारी.
नात नोकरीसाठी परगावी गेली. जाताना तिचा जुना टॅब मला देऊन गेली, त्यात बोटीचा गेम आहे. चार जणांनी मिळून बेटावरच्या पेट्या उचलून बोटीपर्यंत न्यायच्या, वाटेत भुतं आडवी येतात. बाकीचे तिघे कुठले कोण, ते देवाला ठाऊक. तिने दोन गोष्टी शिकवल्या. निळं बटण दाबलं की पळायचं, आणि टीममधल्या कुणाला एकटं टाकून पुढे जायचं नाही. यातलं दुसरं मला काय शिकवायचं? तीन जावांबरोबर एका ओट्यावर जन्म काढलाय.

ही रोजनिशीही आजपासून. मी बोलते, फोन लिहितो. मला वाचता येत नाही आणि दुसऱ्या कुणाला वेळ नाही, तेव्हा खरं बोलायला हरकत नाही.

संकल्प: नात सुट्टीला येईपर्यंत माझी स्वतःची पक्की टीम हवी. तिघं आम्ही, चौथी ती. ती म्हणालीये, मी आले की खेळू.

४ तारीख, बुधवार.
पहिली मॅच. सुरुवातीलाच माइकवर सगळ्यांची चौकशी केली. कुठले, जेवण झालं का, आई बरी आहे ना. सगळी मुलं शांतपणे ऐकत होती, मध्ये एक शब्द नाही. हल्ली इतकं वळण बघायला मिळत नाही. लाल टोपीवाल्याला मी माझ्या जावेच्या ऑपरेशनचं सांगत होते, तेवढ्यात तो नाहीसा झाला. मग हिरवी टोपीही. लाइट गेली असणार.

५ तारीख, गुरुवार.
जखमेवर बांधायच्या पट्ट्यांचा डबा सापडला. मी सगळ्यांना थांबवलं आणि समान वाटणी केली. मागून बोलणी नकोत. वाटणी चालू असताना भुताने दोघांना आडवं केलं. त्यात माझी चूक नाही. भुताने थांबायला हवं होतं.

नंतर स्क्रीनवर खालून वर अक्षरं पळत होती, भराभरा. कौतुक असणार. मग दोघांचीही लाइट गेली. यांच्या गावचे वीजवाले करतात काय?

९ तारीख, सोमवार.
एक माणूस भेटला. म्हणजे आधीपासून असायचा, मीच नीट लक्ष दिलं नव्हतं. पिवळी टोपी. कुणाची लाइट गेली की हा धावत येतो. डोक्यावर नाव लिहिलेलं असतं, पण माझ्यासाठी तो पिवळटोप्या. मी पडले की येतो, शेजारी गुडघे टेकून बसतो, मला उठवतो, मग पुढे. मी चुकून समुद्रात गेले तर हा काठावर उभा.

त्याला माझ्या गुडघ्याचं सांगितलं. कुठलं तेल लाव, कुठला डॉक्टर चांगला, एक सल्ला दिला नाही. नुसतं ऐकलं.

घरी मुलगा दार लावून मीटिंगमध्ये असतो. मी दाराबाहेर चहा ठेवते, थोड्या वेळाने रिकामा कप दाराबाहेर येतो. सून हॉस्पिटलच्या ड्युटीवर. तक्रार नाही, नुसतं सांगतेय.

१२ तारीख, गुरुवार.
आज माइकवर पहिल्यांदा कुणी बोललं. एक बाई. म्हणाल्या, आजी, जरा गप्प बसता का, भुतांची पावलं ऐकू येत नाहीत. सगळ्या जगात तिलाच मला आजी म्हणावंसं वाटलं. मी विचारलं, मुलं किती? तेवढ्यात तिची लाइट गेली.

लगेच पिवळटोप्या आला. त्याला म्हटलं, शनिवारी नात येतेय, जरा नीट खेळ, माझं नाव राख. पेटी घेऊन मुकाट्याने बोटीकडे निघाला. शब्दाचा माणूस आहे.

१४ तारीख, शनिवार.
नात आली. मी तिला टीम दाखवली. नेहमीप्रमाणे दोघांची लाइट गेली, नेहमीप्रमाणे पिवळटोप्या आला. म्हटलं, बघ, हा माझा माणूस.

तिने टॅब जवळ घेतला. आधी खालची अक्षरं वाचली. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाली, काही नाही, जेवायला चाललेत म्हणे. दुपारी चार वाजता.

मग म्हणाली, "आजी, हा माणूस नाहीये गं. कुणी मध्येच निघून गेलं की रिकामी जागा कॉम्प्युटर भरतो. नावाखाली लिहिलंय की."

मी म्हटलं, पण रोज हाच येतो ना? ती म्हणाली, तसल्या सगळ्यांना पिवळीच टोपी असते.

मी म्हटलं, ते मला केव्हाच माहीत होतं. तुझी परीक्षा घेत होते. ती हसली, माझ्या गळ्यात पडली. आपण दोघी खेळू म्हणाली, स्वतःच्या फोनवर गेम उघडून बसलीही. बेटावर उतरलो आणि तिचा फोन वाजला. मैत्रिणी खाली येऊन थांबल्या होत्या. तिची काही लाइट गेली नव्हती.

तिच्या जागी पिवळी टोपी आली.

१५ तारीख, रविवार.
नात सकाळच्या गाडीने गेली. गेम सोडायचा असं पक्कं ठरवलं. डोळ्यांना त्रास होतो. मोतीबिंदू तर काढलाय, तरी होतो.

दुपारी एकदाच उघडला, बंद कसा करतात ते बघायला. बोटीपाशी पोचता पोचता पडले. तो आला. शेजारी गुडघे टेकून बसला. माझ्या ओठांवर आलं होतं, नात नीट पोचली रे. पण माइक लावला नाही. मशीनला कोण सांगत बसणार?

तो उठवत होता, आणि मी मध्येच टॅब बंद केला. टीममधल्याला असं टाकून यायचं नसतं, मला कळतं.

त्याला वाटलं असेल, आजीची लाइट गेली.