पाच पिवळी फुलं

एडिसन,
१६ जुलै २०२४

चि. सावनीस,
शोभनाआत्याचे अनेक आशीर्वाद.

घरी नीट पोचले. डेन्व्हरच्या एअरपोर्टपर्यंत तू ड्राइव्ह केलंस, पण अवाक्षर बोलली नाहीस. तुझं बरोबरच आहे गं.

तुझ्याबरोबर डोंगरावर आले त्या दिवशी यांना जाऊन वर्ष झालं. सकाळी हात आपोआप फुलं शोधायला लागले. आपल्याकडे कुणाच्या कुंपणावरची चार फुलं घेतली तर कोण विचारतं! बारा हजार फुटांवर, दगडांच्या फटीत ती नखाएवढी पिवळी फुलं दिसली. बोटांना कोथिंबिरीसारखा वास लागला. पाच खुडली, पर्समधला यांचा फोटो दगडाला टेकवला आणि वाहिली. ढग खाली, मी वर. वाटलं, हे शेजारी पालथे पडून तीच फुलं बघताहेत. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात तू आलीस. त्या झाडांना तुझे नंबर लावलेले होते, चार वर्षांचा अभ्यास होता, बी धरायचं होतं, हे तुझ्या ओरडण्यातून कळलं. मी मेलीनं चष्माही घातला नव्हता.

आता फोन उचलत नाहीस. हे गेले, मूलबाळ नाही. तूही तुटलीस तर माझं कोण आहे? हवं तेवढं रागाव, पण बोल.

तुझी वेंधळी,
आत्या


लेडव्हिल, कोलोरॅडो,
३ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र आठ दिवस उशीखाली होतं.

काल परत वर गेले. झाडं जिवंत आहेत. गाजराच्या कुळातली ना, मूळ खोल असतं. यंदाचं बी मात्र गेलं, रिपोर्ट वर्षभर पुढे ढकलला. फूल कशानं गेलं ते वहीत लिहावं लागतं. वरच्या ओळींत गारा, उंदीर, रानमेंढ्या आहेत. तुझ्या ओळीत मी ‘आत्या’ लिहिलं. प्रोफेसरांनी विचारलं, हे कुठलं जनावर?

मग तिथेच पालथी पडले. धुकं अंगावरून जात होतं, किती वेळ गेला कळलं नाही. आणि एकदम रडू फुटलं. गेल्या वर्षी जुलैत आतोबा गेले तेव्हा माझी मोजणी चालू होती. आठवडा चुकला तर फुलं संपतील म्हणून मी आले नाही. तू एका शब्दानं बोल लावला नाहीस. त्यांना फूल वाहायचं माझं राहूनच गेलं, आणि तुझ्यावर ओरडले तीही याच फुलांसाठी.

लोभ कमी करू नकोस. आणि आत्या, त्या पाचांतलं एक माझ्या नावाचं धर.

तुझीच,
सावनी